लख्ख दगड

परवा दौंडच्या खतांच्या दुकानात समुद्री शेवाळाच्या अर्काचा कॅन सांडला. त्या खारट, कुजकट वासाने मला नव्वदच्या दशकातल्या शिरूरच्या कॉलेजात नेऊन बसवलं.

माझा विषय समुद्री शेवाळ आणि नोकरी घाटाच्या अलीकडे. कोकणातल्या खडकांवरचं शेवाळ बुडासकट खरवडलं, तर त्याच्या आसऱ्याचे मासे-खेकडेही जातात, असं मी वर्गात तळमळीने सांगे. पोरं वहीत तारखेपलीकडे काही लिहीत नसत. त्यांना दाखवायला म्हणून मी स्वतःच किनाऱ्यावरून एक शेवाळलेला दगड उचलून आणला. काचेच्या टाकीत, कॅनमधून आणलेल्या खाऱ्या पाण्यात तो महिनाभर हिरवागार राहिला. मधल्या सुट्टीत मी त्याच्या शेजारी बसून डबा खात असे.

मग तपासणी समिती यायची ठरली. कमान उभी राहिली, कुंड्या भाड्याने आल्या. त्या सकाळी पाहतो तर टाकीत नळाचं पाणी आणि तळाशी चकचकीत गोटा.

"सर, लई शेवाळ धरलं व्हतं," आमचे शिपाई शेखमामा खुशीत म्हणाले. "तारेच्या घासणीनं लख्ख केलाय बघा."

"मामा, तेच तर दाखवायचं होतं."

मामांनी ओले हात पाठीमागे नेले. "म्हंजी जित्तं व्हतं व्हय ते? मग खात काय व्हतं?"

मी तडक बाहेर पडलो. आज वाटतं, थांबून उत्तर द्यायला हवं होतं. शिरूरच्या सगळ्या वर्षांत माझ्या शेवाळाविषयी कुणी आपणहून विचारलेला तो एकच प्रश्न होता.