देवाशेजारची तबकडी

करी रोडच्या टॉवरमध्ये, रखमाबाईंच्या घरी, देव्हाऱ्याच्या बाजूला खिळ्यावर एक काळी तबकडी टांगलेली असते. तिला हार असतो, कुंकू असतं, समोर उदबत्ती असते. पहिल्यांदा घरी आलेला माणूस विचारतोच, ‘‘हा कुठला देव?’’

‘‘माझे बाबा,’’ रखमाबाई सांगतात.

बाबा म्हणजे शिवराम घाग, अख्ख्या गिरणगावाचा शिवा. चिपळूणकडून आगबोटीने मुंबईला आला आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिला. साच्यांच्या त्या खडखडाटात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण शिवाला गाणी ऐकू यायची. कागदावर उतरवणं त्याला ठाऊक नव्हतं. डोक्यात धरून घरी यायचा आणि जेवता जेवता बायकोला म्हणून दाखवायचा. तिने मान डोलावली तर गाणं राहिलं. नाही तर ताकभाताबरोबर तो तेही गिळून टाकायचा. असं तरलेलं गाणं मग लालबाग-परळच्या नाचमंडळांत जायचं आणि गणपतीत दणाणायचं.

त्यातल्या एका गाण्याची रेकॉर्ड निघाली. गावाहून बोटीने येणाऱ्या बायकोला नवरा धक्क्यावरून सांगतोय:

आगबोटीच्या शिडीवरनं उतर जपून, बये,
पायाला आली गावची माती, नको गं पुसू, बये.

तबकडीवर गाणारणीचं नाव छापलं आणि खाली ‘लोकगीत’. शिवा हसला. ‘‘लोक म्हणतायत ना? मग लोकांचंच की.’’ बायको मात्र हसली नाही. पुढे कापसाच्या फुफाट्याने त्याची छाती धरली आणि तो तरुणपणीच गेला. तेव्हा तिने ती तबकडी देवाशेजारी टांगली. वाजवायला घरात यंत्र कधी नव्हतंच. पण खंडेनवमीला त्याचा मागावरचा धोटा आणि ही तबकडी, दोघांची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि तबकडी चमकावी म्हणून खोबरेल तेलाचा हात. आईमागे हे सगळं रखमाने चालवलं. चाळ गेली, टॉवर आला, खिळा नव्या भिंतीत गेला. पूजा चुकली नाही.

आणि गाणं? ते तर कुठल्या कुठे पोचलेलं! हळदीत वाजतं, बारशाला वाजतं, पोरं मोबाइलवर त्यावर नाचतात. फक्त शिवाचं नाव कुठेच नाही.

यंदा दादरच्या एका सभागृहात ‘गिरणगावची गाणी’ असा मोठा कार्यक्रम ठरला. पत्रिकेत हे गाणं होतं आणि पुढे शब्द होता ‘पारंपरिक’. रखमाबाईंच्या मनात कळ उठली. आपण आता सत्तरी ओलांडली. आपण गेल्यावर हे कोण सांगणार? त्यांनी नातीकडून, अनुजाकडून, पत्रिकेवरचा नंबर लावून घेतला. कार्यक्रम करणारी नम्रता गोड बोलली. ‘‘काकू, विश्वास आहे हो तुमच्यावर. पण हे आमच्याच आजोबांचं म्हणून दोन घरं आधीच येऊन गेली. कुठेतरी नाव दाखवा, मी स्वतः स्टेजवरून घेते.’’

‘‘शेवटच्या कडव्यात आहे की!’’ रखमाबाई म्हणाल्या.

खरंच होतं. नाचाच्या गाण्यांची रीतच ती: शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं. रखमाबाईंना ते कडवं तोंडपाठ होतं. पण मोबाइलवर फिरणारं गाणं त्याच्या आधीच संपायचं आणि पाठांतर म्हणजे काही पुरावा नव्हे.

‘‘आपली तबकडी वाजवून बघू या,’’ अनुजा म्हणाली. ‘‘धम्मपालदादाला बोलवू.’’

धम्मपाल म्हणजे चाळीतल्या शेजारणीचा, मायाचा, मुलगा. आता स्टुडिओत ध्वनिमुद्रण करतो आणि त्याला जुन्या रेकॉर्डचा नाद आहे. तो यंत्र घेऊनच हजर झाला. रखमाबाईंनी दिवा लावला, हार उतरवला, ‘बाबा, जरा खाली यावं लागतंय,’ असं म्हणून नमस्कार केला आणि तबकडी त्याच्या हातात दिली.

सुई टेकली. खर्र... खर्र... चर्र...

‘‘मावशी,’’ धम्मपाल म्हणाला, ‘‘आत कोणीतरी पोहे परततंय.’’ त्याने बोट फिरवून वास घेतला. ‘‘खोबरेल?’’

‘‘मग! चमकायला नको?’’

‘‘किती वर्षं लावताय?’’

‘‘आईने जन्मभर लावलं. नंतर मी.’’

धम्मपालने कपाळाला हात लावला. ‘‘तेल, कुंकू, धूळ, सगळं रेघांत बसलंय. पुसायला गेलो तर रेघा पण जातील.’’

रखमाबाई मटकन खाली बसल्या. ज्या हातांनी पुजलं, त्याच हातांनी बाबांचा आवाज बुजवला! देव्हाऱ्याकडे बघायचीही त्यांना लाज वाटली.

अनुजाने तबकडी पुन्हा टांगायला उचलली आणि तिथेच थबकली. ‘‘आज्जी... मागे बघ ना.’’

‘‘मागे काय, दुसरं कुठलं तरी गाणं असेल.’’

‘‘अगं, हेच आहे! ‘भाग दुसरा’ लिहिलंय!’’

‘‘हात लावू नका!’’ धम्मपाल एवढ्या मोठ्याने ओरडला की रखमाबाई दचकून उठल्याच. मागची बाजू काळीभोर, कोरी करकरीत, आरशासारखी. कुंकवाचा ठिपका नाही, तेलाचा थेंब नाही. इतकी वर्षं तिचं तोंड भिंतीकडे होतं, तिची पूजा कोण करणार?

धम्मपाल भराभर बोलायला लागला. ‘‘एका बाजूवर तीनेक मिनिटं मावायची, मावशी! गाणं लांब असलं की अर्धं पुढे, अर्धं मागे. ज्याने कोणी मोबाइलवर टाकलं त्याने पुढचंच टाकलं! तुमची पुढची बाजू गेली तर गेली, ती जगाकडे आहे. ही बघा, ही!’’

‘‘बोलतोस काय नुसता? लाव ना रे!’’

सुई टेकली. जरा खसखस झाली आणि मग पेटी, ढोलकी, आणि त्या गाणारणीचा खणखणीत आवाज, जणू शेजारच्या खोलीतून येतोय. एक कडवं झालं, दुसरं झालं. रखमाबाईंचे ओठ आधीच हलत होते. आणि मग:

घागांचा शिवा साच्यापाशी, धोटा सोडी दूर,
सुतासंगे विणून घेई तुझ्या बांगड्यांचा सूर, बये.

‘‘आलं! आलं! नाव आलं!’’ अनुजा नाचायलाच लागली. धम्मपाल मुठी आवळून ‘‘जबरदस्त!’’ म्हणत होता. रखमाबाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि मधेच दटावत होत्या, ‘‘हळू गो, बाबा पडतील खाली!’’ त्यांनी लगेच नम्रताला फोन लावला, सुई पुन्हा टेकवायला लावली आणि फोन यंत्राजवळ धरला. गाणं संपेपर्यंत तिने ऐकलं. मग नम्रता म्हणाली, ‘‘काकू, पहिल्या रांगेत बसायचं. तिघांनी यायचं.’’

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. निम्म्याहून जास्त गिरणगावच्या बायका, भजनी मंडळंच्या मंडळं. पडदा उघडला तेव्हा मंचावर फुलांच्या मधोमध धम्मपालचं यंत्र ठेवलेलं होतं. नम्रताने सांगितलं, ‘‘गीतकार, शिवराम घाग,’’ आणि सुई टेकली.

शेवटचं कडवं आलं. ‘घागांचा शिवा’ म्हटल्याबरोबर रखमाबाईंचे हात आपोआप जुळले आणि मान खाली गेली. अभंगाच्या शेवटी संताचं नाव आलं की जुळतात ना, तसेच. त्यांना काही दिसलं नाही, डोळे मिटलेले होते. अनुजाने मात्र मागे वळून बघितलं. रांगेमागून रांग, सगळ्या बायांचे हात जुळलेले होते.

‘‘आज्जी,’’ ती कानाशी म्हणाली, ‘‘डोळे उघड. बघ तरी.’’