कोशात गेलेला दादा

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे 'उदाहरणवाले' म्हणत. अर्थ पंडितांनी लिहायचा आणि तो शब्द वापरून वाक्य यानं जोडायचं, अशी तिथली वाटणी. रोज चाळीस वाक्यं माणूस आणणार कुठून? मग घरचीच मंडळी कामाला लागली. 'कुरकुरणे'ला बायको, 'लोळणे'ला मेहुणा. कुणाच्या बापाला कळतंय, असं त्याला वाटायचं.

'डिवचणे' आलं. पंडितांनी अर्थ लिहिला: टोचून बोलून मुद्दाम राग आणणे, वैर ओढवून घेणे. यानं खाली लिहून टाकलं, 'कोपऱ्यावरचा शिंपी गिऱ्हाइकांना डिवचतो, म्हणून ती दुसरीकडे जातात.' कोपऱ्यावरचा शिंपी म्हणजे याचा सख्खा थोरला भाऊ. कोश शाळेत लागला आणि पोरं दुकानासमोर उभी राहून ते वाक्य घोकू लागली. दादा भांडायलासुद्धा आला नाही. त्यानं येणंच बंद केलं, त्याला अकरा वर्षं झाली. मधे बायको गेली. आता घरात कुरकुरायलाही कुणी नाही, आणि ती शांतता याला खायला उठते.

नवी आवृत्ती काढायची ठरली, तेव्हा त्यानं सगळ्यात आधी ते वाक्य खोडलं. खोडलेला कागद खिशात घातला, पँटचं कापड काखोटीला मारलं आणि दुकान गाठलं. कापड आपलं निमित्ताला.

दादा एका जुन्या गिऱ्हाइकाचं माप घेत होता. "श्वास सोडा हो. पँट काय श्वास रोखूनच घालणार आहात?"

गिऱ्हाईक खो खो हसलं. वीस वर्षांपासूनचं ते गिऱ्हाईक, कुठंसुद्धा गेलेलं नव्हतं. शब्दांत जन्म काढलेल्या या शहाण्याला इतकं साधं तेव्हा कळलं, की दादा ज्याला आपलं मानतो त्यालाच डिवचतो. लहानपणी सगळ्यात जास्त यालाच डिवचायचा.

"दादा, ते वाक्य काढलं," त्यानं कागद पुढे केला.

"बरं केलंत." दादानं कागद न उलगडताच मशीनवर ठेवला. "उभे राहा."

माप देताना लोक पोट आत ओढतात. यानं आपलं सुटलेलं पोट होतं त्याहून पुढे काढलं आणि टोमण्याची वाट पाहिली. टेप कमरेभोवती फिरली. दादानं आकडा लिहिला, पावती फाडून याच्या हातात दिली.

"गुरुवारी न्या," तो म्हणाला.