चूलबंद आवतन

करणी करायला म्हणे काळी बाहुली लागते, टाचण्या लागतात, स्मशानातली राख लागते. सगळं खोटं. फक्त एकटी बाई लागते. तिच्या नावावर विहिरीची ओलिताची जमीन असली तर करणी लवकर लागू पडते.

माझी आत्या भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, वारले, लेक आधीच लग्न होऊन पुण्याला गेलेली, त्यामुळे घर, एक म्हैस आणि जमीन सांभाळत आत्या एकटी राहिली. मी अंबडला शाळेत शिकवते. सुट्टी मिळाली की एसटी धरते आणि तिच्याकडे जाते, म्हणून हा सगळा तमाशा मला जवळून बघायला मिळाला.

तिच्या शेजारी तिचा भावकीतला दीर राहतो. शेतकीचा पदवीधर आहे. तालुक्याच्या गावी खतं-बियाण्यांचं दुकान, आणि कुणाच्या जनावरानं चारा सोडला तरी लोक सल्ला विचारायला यालाच गाठतात. तर या विद्वानाची म्हैस आटली. गाभण म्हैस विण्याआधी आटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ह्यानं मात्र देवऋषीला फोन लावला, तोही व्हिडिओ कॉल. देवऋषी म्हणाला, "मोबाईल म्हशीकडं फिरवा." म्हशीनं मोबाईलकडे बघत रवंथ केला. मग देवऋषीनं डोळे मिटून सांगितलं की घराच्या उगवतीला एक एकटी बाई राहते, तिचं हे काम. उगवतीला आत्याचंच घर. मी दिराला म्हटलं, फोनमधून त्याला उगवत-मावळत कशी कळली हो? तर म्हणतो, "तुम्ही शहरात राहून नास्तिक झाल्या." अंबडला शहर म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढं म्हैस व्याली आणि दूध सुरू झालं. त्याचं श्रेय देवऋषीनं मंतरून दिलेल्या लिंबाला मिळालं. म्हणजे दूध आटवलं आत्यानं, आणलं लिंबानं, म्हशीनं काहीच केलं नाही.

आत्याचं दही घट्ट. निम्म्या गल्लीचं विरजण तिच्याकडून जायचं. सकाळी बायका पदराखाली वाटी झाकून यायच्या. बघता बघता त्या वाट्या यायच्या बंद झाल्या. शेजारची जाऊ, म्हणजे त्या दिराची बायको, तिची वाटी सगळ्यात आधी बंद झाली. मग दीर मोठ्या मायेनं सांगायला आला, "वहिनी, तुम्ही लेकीकडं जाऊन राहा ना. जमिनीचं मी बराबर बघतो." देवऋषीला जे डोळे मिटून दिसलं नाही ते मला उघड्या डोळ्यांनी दिसलं. आत्याला कुणी चांगलं म्हणावं असा तिचा हट्ट नव्हता. तिला आपल्या घरात राहायचं होतं, आणि माणसांत राहायचं होतं.

त्यात दिराच्या मुलाचं लग्न निघालं. सगळ्या गावाला चूलबंद आवतन. म्हणजे त्या दिवशी कुणीच घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळे लग्नघरी जेवायचे. आवतन देणारा माणूस दारोदार फिरला आणि आत्याचं दार सोडून पुढं गेला. माणूस उपाशी तर राहत नाही. आत्यानं दुपारी अंगणातली चूल पेटवली आणि स्वतःपुरत्या भाकरी टाकल्या. गावात धूर निघाला तो तेवढाच. झालं! मांडवात माना वळल्या. सगळ्या गावाची चूल बंद असताना ही बाई एकटीच काय शिजवून राह्यली? नवऱ्या मुलावरच काहीतरी करत असणार. आपणच तिला बोलावलं नाही, हे त्या भरल्या मांडवात एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. आधी नुसता संशय होता, धुरानं त्याचा पुरावा झाला.

मी वाचलंय, पूर्वी परदेशात चेटकीण ओळखायची एक रीत होती. बाईचे हातपाय बांधून तिला पाण्यात सोडायचे. तरंगली तर चेटकीण, बुडाली तर निर्दोष. कुठं विष पाजून बघायचे, कुठं तापलेलं लोखंड हातात द्यायचे. साता समुद्रापलीकडची ही अक्कल आमच्या अकलेची सख्खी बहीणच. आमच्या भागात माणूस बुडवण्याइतकं पाणी नसतं, म्हणून आम्ही चुलीवर भागवलं.

मी आत्याला म्हटलं, कायदा आहे, चल पोलिसांत. ती म्हणाली, "कायद्याचा धाक बसंल गं. पण कायदा माझ्याकडं विरजण मागाया येणार हाय का?" मी चिडले. मला त्या दिराची वरात पाहायची होती.

थोड्याच दिवसांत मामांचं वर्षश्राद्ध आलं. आत्या स्वतः निघाली आणि दारोदार आवतन देत फिरली. मी बरोबर होते. प्रत्येक दारात एकच बोलणं: "चूलबंद आवतन हाय. आन् त्या दिवशी ज्याच्या घरून धूर निघंल तो काय करून राह्यला, हे तुम्हीच ठरवून ठिवलंय." लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. काही जणांनी तर तिच्यासमोरच चुलीकडं वळून पाहिलं. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी एकटीच हसत बसले.

आणि सगळे आले! करणी करणाऱ्या बाईच्या हातचं कसं खावं, असं म्हणणारे पहिल्या पंगतीला बसले. पुऱ्या, वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. दीर बुंदी दोनदा मागून घेत होता. गावात कुठंच धूर नव्हता. आणि भर पंगतीत शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी वाजली. गॅसला धूर नसतो, पण कुकरला तोंड असतं. दिराची बायको आली नव्हती. भीतीपोटी घरीच दार लावून खिचडी शिजवत होती. दिराचा घास हातातच राहिला. मी मुद्दाम त्याच्या पानात आणखी बुंदी वाढली.

माझी मजा संध्याकाळपर्यंतच टिकली. पाराजवळ एक बाई म्हणताना ऐकू आली, "चूलबंद असताना काय शिजवत होती म्हणावं?" दुसरी म्हणाली, "मी तवाच म्हणलं, यांची म्हैस इतक्या जल्दी दुधाला कशी आली!" बायका दिराच्या दारासमोरून पोरांना ओढून नेऊ लागल्या. अरे मूर्खांनो! गावाला खोटं पडायचं नव्हतं, फक्त दार बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली नळावर जमलेली असताना आत्यानं वाटी उचलली. पदराखाली झाकली नाही. शेजारच्या ओट्यावर जाऊन मोठ्यानं म्हणाली, "ए बाई, विरजण दे गं थोडं. माझं नासलं." जाऊ दारात आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं वाटी भरून दिली. आत्या सगळ्यांच्या देखत ती घेऊन आली आणि दुधात घातली.

मी चुलीमागचं गाडगं उघडून पाहिलं. आत्याचं दही काठोकाठ, घट्ट लागलेलं. मी भडकलेच. "खोटं बोललीस? तेही तिच्यासाठी? तुझ्या दारची वाटी तिनंच आधी बंद केली होती ना?"

"केल्ती की," आत्या म्हणाली. "तवा माझ्याकडं कुणीच आलं न्हाई. म्हणून तर गेल्ते."