पाटीवाल्यांचं नाक

दारावरच्या पितळी पाट्या करण्यात पाटीवाल्यांची चाळीस वर्षं गेली. पितळेवर लाख लावायची, अक्षरं तेवढी उघडी ठेवायची आणि ती अ‍ॅसिडनं कोरून काढायची, असं ते काम. त्या धुरानं त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं. "वास येतोय हो," असं बायको म्हणाली की खिडकी उघडायची, एवढंच त्यांना ठाऊक. गेल्या हिवाळ्यात ती गेली आणि घरात नाकच उरलं नाही.

आता मुलगा-सून राहायला येणार होते. पण नातीला दमा. मागच्या खोलीतलं अ‍ॅसिड गेल्याशिवाय पोरीला आणणार नाही, असं सुनेनं स्पष्ट सांगितलं होतं. पाटीवाले रागावले नाहीत. एकट्यानं जेवून ते इतके विटले होते की रागावायचंही त्राण नव्हतं.

शेजारी म्हणाला, "एवढं काय त्यात? मोरीत ओता नि मोकळे व्हा."

"आणि गटारात उतरणाऱ्याच्या पायांचं काय? तुझे बूट देशील त्याला?"

शेजाऱ्याला एकदम घरातलं काम आठवलं.

मग रोज सकाळी अंगणात तोच उद्योग. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, टबात भरपूर पाणी आणि त्यात अ‍ॅसिडची बारीक धार. उलट, अ‍ॅसिडात पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर येतं. मग चिमूट चिमूट धुण्याचा सोडा. फसफस थांबेपर्यंत स्टुलावर बसायचं, लिटमसचा कागद बुडवायचा, लाल झाला की पुन्हा सोडा. तरीही ते पाणी मोरीत नाहीच, त्यात तांबं असतं. गाळासकट सगळं कॅनमध्ये, झाकण सैल ठेवून. रोज एक लिटर, असे अठरा दिवस. कंबरेनं जीव नकोसा केला. शेवटी घातक कचऱ्याची गाडी कॅन घेऊन गेली. त्यांनी फरशी दोनदा पुसली आणि सुनेला फोन केला.

ती एकटीच आली. कपाट उघडून, कोपऱ्यात वाकून तिनं वास घेतला.

"खोली स्वच्छ आहे, बाबा." मग जवळ येऊन ती घुटमळली. "वास तुमच्या अंगाला येतोय."

"माझ्या?"

"स्वेटरला, शर्टाला. आई तुमचे कपडे वेगळे भिजवायच्या ना, सोड्यात. रोज."

"रोज?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. चाळीस वर्षं सकाळी खुंटीवर धुतलेला शर्ट असायचा आणि ते तो घालायचे. आपण अठरा दिवसांत थकलो, याची त्यांना फार लाज वाटली. ते स्टुलावर बसले आणि हळूहळू स्वेटर काढू लागले.

"पोरीला रविवारी आण," ते म्हणाले. "तोवर धुतो मी सगळं. भिजवायला ती कुठली बादली वापरायची गं?"