मानाची मुंडी

काका समोसा कधी सरळ तोंडात घालत नसत. आधी तो मधोमध फोडायचा, आतला बटाटा बोटानं चाचपायचा आणि आणणाऱ्याला विचारायचं, "आत काय आहे?" तो बिचारा म्हणायचा, "बटाटा." त्यावर काका म्हणत, "बघू."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा नमुना असेल. वाढदिवसाच्या केकचं क्रीम सुरीनं सारून खाली काय दडलंय ते पाहणारा. आमचे काका तर गावाहून बायकोनं पाठवलेला लाडूही फोडून बघत. "तिनंच वळलाय, पण बेसन कसलं आलंय ते तिला तरी कुठं ठाऊक?"

ही खोड त्यांना कामानं लागली होती. नव्वदच्या दशकात शारजाला आमचं छोटंसं कार्गो ऑफिस होतं. मी कागद टाइप करायची, काका खोकी तपासायचे. कागदावर लिहिलंय तेच खोक्यात भरलंय, अशी त्यांची सही झाल्याशिवाय माल विमानात चढत नसे. अठरा वर्षांत त्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि काकांना जगात तेवढ्याच एका गोष्टीचा अभिमान होता. गिऱ्हाइकाचा चहासुद्धा ते घेत नसत. खोलीवरून थर्मास भरून आणत. "कुणाचं मीठ पोटात गेलं की सही करताना हात ढिला पडतो," म्हणायचे.

आमच्या गिऱ्हाइकांत एक कझाक बाई होती. उंच, सोन्याचे दोन दात, बाजारात शिकलेलं हिंदी. दर महिन्याला ब्लँकेटं अल्माटीला पाठवायची. खरं सांगते, मला ती आवडायची नाही. तिकडच्या बायकांबद्दल आमच्या बिल्डिंगमध्ये जे काही बोललं जायचं, त्यात माझाही आवाज असायचा.

एका गुरुवारी तिच्या मालाचं वजन कागदापेक्षा बारा किलो जास्त भरलं. विमान शनिवारी संध्याकाळी. काकांनी पेन खिशात ठेवलं. "शनिवारी सकाळी खोकी उघडू." तासाभरात बाईचा फोन आला. तिचे वडील अल्माटीहून आलेत, उद्या शुक्रवारी दुपारी जेवायला यायचंच. साहेबांनी आम्हा दोघांना पिटाळलं. "पुरानी पार्टी है, ना मत बोलो."

अल मजाजमधल्या तिच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये काका म्हणाले, "आज जेवण, उद्या सही. एवढं कळतं मला. मी पाण्यालाही शिवणार नाही." मी मान डोलावली. माझंही तेच मत होतं.

गालिच्यावर बुटकं टेबल, भोवती आठ-दहा माणसं, पोरंबाळं. मधोमध भलंमोठं ताट. वरणफळांसारखे उकडलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे, त्यावर मटण, कडेला कसल्याशा जाड चकत्या.

"आत काय आहे?" काकांनी विचारलंच.

"ये भेड़," बाई म्हणाली. मग चकत्यांकडे बोट दाखवून, "ये घोड़ा. पापा लाए हैं."

काका झटक्यात मागे सरकले. ते जेजुरीकडचे. "घोड्यावर आमचा खंडोबा बसतो. ते नको." मी ते कसंबसं हिंदीत सांगितलं. तिनं वडिलांना सांगितलं. म्हाताऱ्यानं गंभीरपणे मान हलवली आणि सगळ्या चकत्या स्वतःच्या बाजूला ओढून घेतल्या. ना राग, ना आग्रह. काकांचा संशय त्यामुळं उलट वाढला.

मग म्हाताऱ्यानं आतून एक थाळी आणली. तीत मेंढीचं अख्खं डोकं, उकडलेलं. तोंड काकांकडे करून त्यानं ते त्यांच्यासमोर ठेवलं आणि शेजारी सुरी ठेवली. मी छताकडे पाहू लागले. सगळे हात मांडीवर ठेवून गप्प बसले. कुणी कशाला शिवेना. पोरंसुद्धा काकांच्या तोंडाकडे बघत होती.

"आता कागद काढतील बघ," काका पुटपुटले.

कागद काही निघाला नाही. बाई म्हणाली, "मेहमानों में जो बड़ा, सर उसका. काका काटेंगे, फिर सब खाएंगे."

काका त्या डोक्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "अगं, ही मुंडी आहे. आमच्या गावच्या जत्रेत मानकऱ्याला देतात."

"मग?"

"मग काय! लाच कुणी पोराबाळांसमोर अशी ताटात मांडत नाही. हा मान आहे. मानाला नको म्हणता येत नाही." पण त्यांचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं पाळलेलं त्यांना मोडावं लागणार होतं.

त्यांनी बाह्या सारल्या. म्हाताऱ्यानं खुणेनं दाखवलं. गालाचा पहिला तुकडा स्वतः खायचा, मग एकेकाला वाढायचं. कान पाहुण्यांतल्या सर्वांत लहानाला, त्यानं मोठ्यांचं ऐकावं म्हणून. म्हणजे मला. "खा," काका म्हणाले, "आणि ऐकत जा." मी डोळे मिटून तो गिळला. काका मात्र त्या दिवशी तीनदा वाढून घेऊन जेवले. मी मनात म्हटलं, गेली यांची सही.

शनिवारी मी पोचले तेव्हा काकांनी चाळीसच्या चाळीस खोकी उघडली होती. तीन खोक्यांत ब्लँकेटांच्या घड्यांमध्ये चामड्याची जॅकेटं निघाली. कागदावर त्यांचा पत्ता नव्हता. तेवढ्यात बाई आली. पसारा पाहून तिचा चेहरा लालबुंद झाला.

"काका! मेरा नमक खाया आपने!"

काका जमिनीवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं. "खाया. इसीलिए खोला. उधर पकड़ी गई, तो वो बूढ़ा किसके पास जाएगा?"

ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. काकांनी मला नवे कागद टाइप करायला बसवलं, जॅकेटं त्यात लिहायला लावली आणि स्वतः दुपारपर्यंत तिची ब्लँकेटं घडी घालून खोक्यांत भरत राहिले. गुडघे दुखत होते, मधूनमधून हात कमरेवर जात होता. इतका संशयी माणूस दुसऱ्याचा माल इतक्या मायेनं भरताना मी पाहिलेला नाही. विमान गाठलं. सहीही झाली, पण नव्या कागदावर.

सहा महिने बाई दुसऱ्या ऑफिसात गेली. मग एक दिवस परत आमच्याकडे आली. त्या विषयावर दोघांत कधी शब्द निघाला नाही.

दोन हजार दोन साली काकांचा व्हिसा संपला आणि ते गावी गेले. त्या शुक्रवारी मीही त्यांच्यावर संशय घेतला होता, हे त्यांना सांगून माफी मागायची होती. राहून गेलं, आणि ते अजून टोचतं.

त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. पुढच्याच महिन्यात बाई कागद घेऊन समोर बसली. एव्हाना आमची चांगली गट्टी जमली होती. मी पेनाचं टोपण काढलं. "आपका क्या देखना!"

तिनं कागदावर पालथा पंजा ठेवला.

"नहीं," ती म्हणाली. "पहले खोलो."

मी कटर घेऊन उठले. चाळीस खोकी होती. शेवटचं खोकं होईपर्यंत ती माझ्या शेजारी उभी राहिली.