खांबाजवळची जागा

इओतेबाला आपल्या इंग्रजीचा भारी तोरा होता. तो राजधानीच्या बेटावर, तारावाला, शिकला, सरकारी कचेरीत थोडे दिवस खुर्ची उबवून बेटावर परतला, आणि गावात कुणी परका उतरला की दुभाष्या म्हणून पहिली हाक त्यालाच येऊ लागली. हे शिक्षण झालं कुणाच्या जिवावर, ते मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं. थोरला भाऊ तेराआका ऐन उमेदीत जर्मन बोटींवर खलाशी म्हणून गेला आणि धाकट्याच्या शाळेसाठी पगार धाडत राहिला. परतला तो दुखरी कंबर घेऊनच.

पण घराण्याचा मोठा तो. मानेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या त्या मोठ्या, बिनभिंतींच्या छपराखाली, कुठल्या घराण्यानं कुठं बसायचं हे आमच्या पणजोबांच्याही आधी ठरलेलं आहे. पूर्वेच्या मधल्या खांबाजवळची जागा या भावांच्या घराण्याची, आणि त्या खांबाला टेकून बसायचं ते फक्त तेराआकानं. तिथून तो बोलला की घराणं बोललं. इओतेबा त्याच्या पाठीमागे बसायचा.

त्या वर्षी जगाला अचानक आमची आठवण झाली. आधी चिनी आले. समुद्राच्या तळातून तारावापर्यंत केबल आणू, तुमच्या बेटावर टॉवर उभारू, घरबसल्या इंटरनेट देऊ म्हणाले. पाहुण्यांसाठी ठरलेल्या उत्तरेच्या जागी बसले, डुक्कर खाल्लं, फोटो काढले आणि गेले. त्यांच्या पाठोपाठ ऑस्ट्रेलियाच्या मंडळींचा निरोप आला. त्यांचीही केबल, त्यांचाही टॉवर, आणि वर चिन्यांचा घेऊ नका हा फुकटचा सल्ला.

म्हातारी नेई बुआंगा म्हणाली, “इतकी वर्षं साधं रॉकेल वेळेवर येत नव्हतं. आता दोघं एकाच नवरीमागे लागल्यासारखे येतायत. गावातली डुकरं संपू देत, मग बघा, कोण फिरकतंय ते!”

तेराआकाला या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याची एकुलती मुलगी तेरेतिया ऑकलंडला म्हाताऱ्यांच्या सेवेचं काम करत होती. तिला पाहून वर्षं लोटली होती. “टॉवर कुणाचाही येऊ दे रे,” तो धाकट्याला म्हणाला, “मला माझ्या पोरीचं तोंड दिसलं म्हणजे झालं.” आणि ऑस्ट्रेलियाचे पाहुणे यायच्या दिवशी त्यांच्यासाठी ताजी मासळी आणायला पहाटेच होडी घेऊन गेला.

पाहुण्यांचे प्रमुख प्रायरसाहेब मानेआबाच्या खाली आलेल्या वळचणीतून वाकून आत शिरले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “चिनी कुठे बसले होते?”

इओतेबानं उत्तरेची चटई दाखवली.

“मग तिथं नको. आमचा फोटो वरपर्यंत जाणार आहे. तीच चटई दिसली तर आम्ही त्यांच्या मागून आलो असं वाटेल.” इकडेतिकडे बघत ते पूर्वेच्या खांबाशी थांबले. “इथं चालेल?”

साहेब माणूस वाईट नव्हता. एका शब्दानं बाजूला झाला असता. पण तो शब्द काढायचा म्हणजे पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं, आणि इओतेबाला तर आपलं वजन दाखवायचं होतं. शिवाय त्यानं मनाची समजूत घातली, की दुसऱ्या कुणाची जागा थोडीच देतोय, आपल्याच घराण्याची तर आहे.

“चालेल की, साहेब!”

साहेब खांबाला टेकून बसले आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. सर्वांत वडील काइतारा म्हणाले, “इओतेबा, पाहुण्याला उठव. तेराआका येईल आता.”

“साहेबांची पाठ दुखते, आजोबा. टेकायला खांब लागतो.”

“काय म्हणतायत ते?” साहेबांनी विचारलं.

“तुम्ही आलात म्हणून आनंद झाला म्हणतायत.”

एक थाप पचली की पुढची आपोआप सुटते. ती सुटायला फार वेळ लागला नाही, कारण तेवढ्यात तेराआका आला. अंघोळ झालेली, स्वच्छ लुंगी, डोक्यावर फुलांची माळ आणि हातात मासळीची जुडी. तो वळचणीखाली वाकला, खांबाकडे बघितलं, आणि तसाच मागे सरला. दुसऱ्या कुणाच्या जागी तो बसणार नव्हता आणि पाहुण्याला उठवणंही त्याला शोभणारं नव्हतं. तो बाहेर पांढऱ्या खडीवर, उन्हात, मांडी घालून बसला.

साहेबांच्या ते नजरेत आलं. “ते बाहेरचे गृहस्थ कोण? आत का येत नाहीत?”

‘माझा थोरला भाऊ’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग जागेचं सांगावं लागलं असतं, पाठीची थाप उघडी पडली असती, साहेब ओशाळले असते.

“कुणी नाही, साहेब,” इओतेबा इंग्रजीत म्हणाला. “मासळीवाला आहे. मासळी द्यायला आलाय.”

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला आठवलं. त्याला इंग्रजीचे पहिले शब्द शिकवले होते ते तेराआकानंच, बोटीवरून सुट्टीला आला असताना, मांडीवर बसवून. खडीवर बसलेल्या तेराआकानं मान किंचित वर केली. मग मासळीची जुडी वळचणीखाली ठेवली, कंबर धरून उठला आणि घरी गेला. इओतेबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मेला मात्र नाही. शेवटपर्यंत हसून भाषांतर करत राहिला. फोटो फार छान आला म्हणे.

त्यानंतर तेराआका मानेआबात चढला नाही. खांबाजवळची जागा मोकळी राहिली. “आता तू बस पुढे,” असं काइतारांनी दोनदा सांगूनही इओतेबाला पुढे सरकायचा धीर झाला नाही. तंबाखू घेऊन तो भावाच्या दारी गेला. “दादा, त्या दिवशी मी...”

“ताडी घे,” तेराआका म्हणाला. “गोड आहे तोवर पी.” आणि जाळ्याविषयी बोलत बसला. रागावला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर इओतेबाला बरं वाटलं असतं.

टॉवर आला. ऑस्ट्रेलियाचाच. त्याच्या मेजवानीला सगळं गाव मानेआबात जमलं, आणि इओतेबाच्या फोनवर तेरेतियाचा हसरा चेहरा उमटला. बायकांनी एकच गलका केला. सगळ्यांना बघून झाल्यावर ती म्हणाली, “काका, आता बाबांना दाखवा. खांबाला टेकून बसले असतील ना? मला त्यांना तसंच बघायचंय.”

सगळ्यांच्या माना पुन्हा त्या दिवसासारख्या खांबाकडे वळल्या. इओतेबा खाली मान घालून वळचणीतून बाहेर पडला. मेजवानीसाठी मासळी आणून तेराआका खडीवरच बसला होता. इओतेबानं त्याच्यासमोर फोन धरला. पोरीला बघून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“बाबा! तुम्ही बाहेर उन्हात का? आत जागा नाही का?”

तेराआकानं एकवार धाकट्याकडे पाहिलं.

“अगं, मी मासळीवाला,” तो हसत म्हणाला. “मासळी द्यायला आलोय.”

तेरेतिया खळखळून हसली. बाबांची थट्टा तिला ठाऊकच होती. आत सगळ्यांना ऐकू गेलं, पण कुणी हसलं नाही.

“काका,” ती म्हणाली, “फोन नीट धरा ना. बाबा हलतायत.”