मागच्या सीटवरची गोणी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालाडच्या बाजारात तिच्यासाठीच सुके बोंबील घेत होते. पलीकडून तिचा मुलगा रडत होता, तरी मी बोंबील निवडतच राहिले... त्याला काही आठवडे झाले. पुडी अजून ओट्यावर आहे.

माझी ही थोरली बहीण वेल्डिंग करायची. जोगेश्वरीच्या तळमजल्यावरच्या घरासमोर ती लोकांच्या खिडक्यांना ग्रिल बनवून द्यायची, आणि पसारा असा की पाहुण्याला बसवायचं तर आधी लोखंड उचलावं लागे. स्वभाव तापट, पण बाबांपुढे तिचं काही चालत नसे. गुडघे गेल्यापासून बाबांचा एकच हट्ट होता, एकदा गावचं घर बघायचं. जुनी गाडी तिने घेतली ती त्यासाठीच. निघायच्या सकाळी शेजाऱ्यांनी धरून बाबांना मागच्या सीटवर बसवलं आणि गाडीखाली कट्‌कन आवाज झाला. ताईने वाकून पाहिलं. गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजून तडकली होती. लोखंडी पट्टी मारावी लागेल, बाबांना उतरवा, ती म्हणाली. बाबांनी पुढची सीट घट्ट धरली.

"उतारलंय तर माका कोण नेवचो नाय."

खूप समजावलं. शेवटी तिने बॅटरी काढली, आत ओली गोणपाटं अंथरली, मला पाण्याची बादली घेऊन उभं केलं आणि गाडीखालून म्हणाली, "बाबा, पाय वर घ्या." बाबांनी चक्क दोन्ही पाय वर घेतले. गुडघ्यांचं दुखणं तेव्हा कुठे गेलं होतं कोण जाणे.

बाबा गावच्या अंगणात पोटभर जेवले, आणि त्याच वर्षी गेले. ते आत असतानाच मारलेली पट्टी मात्र बसली होती त्यांच्या वजनासकट, सांगाडा त्यांच्या भाराने वाकलेला तसाच पक्का झाला होता. रिकाम्या गाडीचं मागचं दार लागेचना, आत कुणी बसलं की अलगद लागे. पट्टी कापून पुन्हा मारणं ताईला एका दुपारचं काम. पण ते न करता तिने तांदळाची गोणी आणून बाबांच्या जागी ठेवली, वर सीटबेल्टही बांधला. जगाच्या खिडक्या करतेस आणि स्वतःचं दार तसंच ठेवतेस, म्हणून मी चिडवायची.

"राहू दे गं," ती म्हणायची. "बाबा बसल्याशिवाय कुठे निघायचं?"

परवा तिचा मुलगा गाडी विकायला काढत होता. गोणीतला तांदूळ ताईच्या तेराव्याला शिजला होता, त्यामुळे दार लागत नव्हतं. मावशी, कुणाकडून तरी पट्टी कापून घेऊ, तो म्हणाला. मी नको म्हटलं. गाडीही विकायची नाही म्हटलं. आत शिरून बाबांच्या जागी बसले, दार ओढलं, ते अलगद लागलं. पुढच्या रिकाम्या सीटकडे बघत नकळत तोंडातून निघालं, "बसले गं ताई... चल."